ओसाकातलं उष्टं

मिलिंद आत्ता हसतोय, पण माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून तुम्हीच सांगा चूक कोणाची. गेल्या वर्षी आई रत्नागिरीहून आमच्याकडे बिशानला आली होती, तेव्हा आम्ही तिला जपान फिरायला ओसाकाला नेलं. तिथे शिनसेकाई म्हणून जुन्या करमणुकीचा भाग आहे. जुने गेम पार्लर आणि काडीला टोचून तळलेल्या पदार्थांची दुकानं. दुकानात सगळ्यांना मिळून सॉसचा एकच डबा असतो आणि वर पाटी, खाल्लेली काडी पुन्हा बुडवू नका. आई खूश झाली. म्हणाली, "बघ, इथेही उष्टं पाळतात."

आणि हा माझा नवरा, जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यांत लोकांना सेफ्टीचे नियम शिकवणारा माणूस, याने अर्धी खाल्लेली कोळंबी सरळ डब्यात बुडवली. दुकानदार धावत आला. डब्याजवळ आई बसलेली, म्हणून हातांची फुली करून तिलाच ओरडला. सगळं दुकान वळून बघायला लागलं. आई जावयाचं नाव कसं घेणार? तिने मान खाली घातली. आणि जावई गप्प.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "तू बोलला का नाहीस?"

"मला जपानी कुठे येतं?"

"हात वर करायला जपानी लागतं?"

बिशानला परतल्यावर पहिल्याच जेवणाला आईने लोणच्याची बरणी स्वतःकडे ओढली आणि याच्या ताटाशेजारी एक वाटी ठेवली.

"मिलिंदराव, तुमचं वेगळं काढलंय."