गोष्टीच्या ग्रुपवरचा आवाज

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या गावचे नवनिर्वाचित सरपंच आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष माननीय शिवशंकरभाऊ, वेळात वेळ काढून आलेले केंद्रप्रमुख साहेब, आमचे मुख्याध्यापक अमरसिंग सर, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, समोर बसलेल्या माझ्या माय-बहिणी, ग्रामस्थ मंडळी, आणि जेवणाच्या वासानं केव्हाची चुळबुळ करणारी माझी लेकरं! सगळ्यांना जय भीम, राम राम आणि सलाम.

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोन शब्दांत आटोपणारी बाई मी नव्हे, हे पहिलीच्या वर्गाला विचारा. शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, आणि माझ्याबद्दल इतकं गोड बोललात की मला वाटलं दुसऱ्याच कुणा शीतल खिल्लारेची बदली झाली. बदलीचं गाव डोंगरकडा काही परदेशात नाही हो. इथून निघालं की दुपारच्या आत माणूस पोचतं. रडू नका.

प्रत्येक वक्त्यानं आपल्या वाचनालयाचं नाव घेतलं. साहेब म्हणाले, मोबाईलवर चालणारं असं प्राथमिक शाळेचं वाचनालय जिल्ह्यात दुसरं नसेल. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. अमरसिंग सरांनी ते पाहिलं आणि मान खाली घातली. साहेब, तुमची माहिती जुनी आहे. ते वाचनालय बंद पडलंय. कसं बंद पडलं, एवढं सांगते आणि बसते.

वाचनालय म्हणजे तरी काय होतं? पोषण आहाराच्या खोलीला लागून एक कपाट. आत पुस्तकं, बाहेर कुलूप. का, तर लेकरं फाडतील! मी कुलूप काढलं तर पुस्तकं घरी गेली आणि तिकडंच राहिली. मग आयांचा व्हॉट्सअॅप ग्रुप केला. लेकरानं पुस्तक नेलं की आईनं त्याच्या मुखपृष्ठाचा फोटो टाकायचा. वाचून झालं की लेकरानं आपल्या आवाजात गोष्ट सांगून पाठवायची. ज्याला ऐकून पुस्तक हवंसं वाटेल त्यानं हात वर केलेलं चित्र टाकायचं, की पुस्तक शाळेत न येता थेट त्या घरी. पहिला आठवडा नुसते सुप्रभातचे गुलाब येत होते, तो भाग सोडा. पण पुढे काय फिरली पुस्तकं! एक तर शेतातल्या आखाड्यावर जाऊन हळदीचे डाग घेऊन आलं. मला त्या डागाचा कोण आनंद झाला होता.

आणि हे शिवशंकरभाऊंशिवाय झालं नसतं. त्यांचं श्रेय मी लपवणार नाही. घरच्या बायकांचे नंबर मास्तरणीला काहून द्यायचे, असं गावात सुरू झालं तेव्हा भाऊ पारावर उभे राहिले आणि म्हणाले, "द्या बिनधास्त. जिम्मेदारी माझी." हिंगोलीहून रॅक आणले ते स्वतःच्या गाडीत घालून. मी त्यांना भाऊ म्हणते ते भाषणापुरतं नाही. दर वर्षी राखी बांधत होते.

आता खुर्शीदबी. पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. गावात बांगड्या भरणाऱ्या खुर्शीदबी. पाटलाचं घर असो, आमचा बौद्धवाडा असो, की तांडा, त्यांच्या टोपलीला कुठलंच दार बंद नव्हतं. त्यांना अक्षर येत नाही. नात रुबीना तिसरीत. ती पुस्तक वाचून दाखवायची आणि दादी ती गोष्ट आपल्या तऱ्हेनं ग्रुपवर सांगायची. गोष्टीतला कोल्हा जंगलात जायचाच नाही. जीपच्या टपावर बसून गोरेगावच्या बाजाराला जायचा आणि भजी खाऊन पैसे न देता पळायचा. सुरुवात ठरलेली. "ऐका रे लेकरांनो, बराबर ऐका, मी दुबारा नाही सांगणार." हे ऐकलं की घरोघरी पोरं ताट सोडून फोनकडं पळायची. किती आयांनी माझ्याकडं तक्रार केली!

सुरुवातीला त्या तयार नव्हत्या. "बाईमाणसाचा आवाज असा फोनात सोडायचा का मॅडम?" म्हणाल्या. मी त्यांच्या ओट्यावर बसून शब्द दिला की हा आवाज लेकरांच्या बाहेर जाणार नाही. ग्रुपात पुरुषमाणूस घ्यायचा नाही, असंही सगळ्या बायांनी ठरवलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाऊ म्हणाले, "मॅडम, तुमी गावाला जाल, मागं काही वाईटवंगाळ आलं तर पाहणारं कोणी पायजे का न्हाई?" खरंच होतं. एकट्या भाऊंना घेतलं. सगळ्या बाया हो म्हणाल्या. भाऊच ते, परके थोडेच?

मग ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. मतदानाला थोडे दिवस राहिले असताना एक क्लिप गावभर फिरली. आधी बाजा. मग खुर्शीदबींचा आवाज, "ऐका रे, बराबर ऐका, मी दुबारा नाही सांगणार." आणि लगेच हात जोडलेले शिवशंकरभाऊ, त्यांची निशाणी कपबशी, प्रचंड मतांनी विजयी करा. 'लेकरांनो' तेवढं कापलेलं. हसू आलं ना? मलाही क्षणभर आलं होतं. पण ते टिकलं नाही.

कारण खुर्शीदबींचे दीर अन्सारभाई समोरच्या पॅनलमध्ये उभे होते. घरचं माणूस फिरलं, असा बोभाटा झाला. त्या घरात काय बोललं गेलं ते मी इथं सांगत नाही. समोरच्या पॅनलच्या घरांनी बांगड्या भरायला बोलावणं बंद केलं. अन्सारभाई पडले, आणि त्याचंही खापर खुर्शीदबींच्याच माथ्यावर. ज्या बाईला सगळी दारं उघडी होती, ती आता टोपली घेऊन निघते तेव्हा आधी विचार करते, कुठल्या गल्लीत जावं.

मी धावत गेले. त्या दारातच उभ्या राहिल्या. आत या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "मॅडम, मोबाईलवर कुठं भरोसा केला होता मी? तुमच्यावर केला होता." रुबीनानं आतून पुस्तक आणून माझ्या हातात दिलं. त्यानंतर तिनं दुसरं नेलं नाही. ग्रुपवर एकेक आई निघून जाऊ लागली. कुणी भांडलं नाही, कुणी एक शब्द लिहिला नाही. अमकीनं ग्रुप सोडला, तमकीनं ग्रुप सोडला, एवढंच येत राहिलं. वाचनालय असं बंद पडलं, साहेब.

मी कुणाकडं गेले असेन मदत मागायला? भाऊंकडंच! रडले त्यांच्यासमोर. भाऊ म्हणाले, "तुमी काहून टेन्शन घेऊन राहिल्या? कोणाचं काम हाय ते मी हुडकून काढतो." वहिनींनी चहा दिला. मी तो प्यायले आणि मन हलकं करून घरी आले. किती भोळी बाई!

मागच्या आठवड्यात गोरेगावला मोबाईलची काच बदलायला गेले. दुकानदार साजीद, चांगला मुलगा आहे, कौतुकानं म्हणाला, "मॅडम, तुमच्या सरपंचाची ती क्लिप मीच बनवली. आवाज भाऊनी आणून दिला. मी पुसलं, त्या बाईला चालतंय ना? तर म्हणले, मॅडमनीच तिला पुसून दिलाय."

ऐकलंत? माझं नाव लावलं. आणि हेच भाऊंनी अन्सारभाईंनाही सांगितलं होतं, ते मला अन्सारभाईंकडूनच कळलं. म्हणजे हे सगळे महिने खुर्शीदबी समजत होत्या की त्यांचा आवाज मी विकला.

भाऊ, विरोधकानं केलं असतं तर मी भांडले असते आणि विसरले असते. तुम्ही केसानं गळा कापलात. पारावर उभं राहून जिम्मेदारी घेणारा माणूस तुम्ही! मत मागायचं होतं तर माझ्याकडं मागायचं, मी आनंदानं दिलं असतं. दिलंच होतं, सांगते आज. कपबशीवरच बोट ठेवलं होतं मी. त्याची लाज वाटते.

तुम्ही म्हणाल, मॅडम, हे घरात जाऊन सांगायचं, मांडवात कशाला? अमरसिंग सरही काल तेच म्हणाले, जाता जाता गोड बोला आणि मोकळ्या व्हा. सर, मी गेले होते खुर्शीदबींच्या घरी. अन्सारभाई दारात उभे राहून म्हणाले, "बेइज्जती चौकात झाली, अन् सफाई घरात देता का?" त्यांचं बराबर होतं. म्हणून आज इथं सांगते, माझ्या पोटच्या लेकराची शपथ घेऊन: तो आवाज मी दिला नाही, आणि खुर्शीदबींना कुणी विचारलंही नाही. त्या कुठल्याच पॅनलच्या नव्हत्या. त्या लेकरांना गोष्ट सांगत होत्या.

त्या आल्या आहेत. मागं पाण्याच्या टाकीजवळ उभ्या आहेत, रुबीनाचा हात धरून. त्यांना खुर्ची दिली, त्यांनी घेतली नाही. कुणी वळून टक लावू नका, एवढी कृपा करा.

आता आभार मानते. या गावानं मला खोली दिली, भाकरी दिली, माझ्या छडीवर विश्वास ठेवला आणि मी ती कधी उचलली नाही यावरही ठेवला. सकाळपासून चुलीपुढं बसलेल्या मिराबाईंचे, मांडव घालणाऱ्या पोरांचे, आणि माझं हे लांबलेलं पुराण ऐकून घेणाऱ्या साहेबांचे मनापासून आभार. पाहुण्यांपुढं गावाचं उणं निघालं, सभेचा मान राहिला नाही, असं कुणाला वाटलं असेल तर लेक समजून पदरात घ्या. भाऊ, ही माफी तुमच्यासाठी नाही.

माझ्यानंतर अध्यक्षांचं भाषण आहे. हा माईक मी चालूच ठेवून जाते. खुर्शीदबी, थोडं थांबा. सरपंच बोलणार आहेत.