बोल्टाची दया

कॉम्प्युटरवरचं चित्र मी आता कोणाले दाखवत नाई, बाप्पा! वडश्याच्या एका नाटकमंडळीचे मालक, भाऊ म्हणतो मी त्यांले, त्यांच्यासाठी लोखंडी स्टेजचं डिझाइन केलं. रोज नव्या गावात जोडायचं, सकाळी खोलायचं.

स्क्रीन पाहून भाऊ म्हणे, "अजून कोणी नाचलं नाई, अन् बोल्ट लाल काऊन?"

म्हटलं, "लाल म्हणजे ताण. आपण तो गच्च आवळला म्हणून त्याच्यात ताण आहे. त्यानंच स्टेजच्या पट्ट्या घट्ट राह्यतात. आता पाहा, नाचणारे चढवले. ताण वाढला?"

"जरासाच."

"म्हणूनच गच्च आवळायचा. ढिला राह्यला तर नाचाचा दरेक झटका बोल्टावरच येते."

"समजलं," म्हणे भाऊ.

काय समजलं? पहिल्याच प्रयोगात, ऐन लावणीत बोल्ट तुटले अन् स्टेज एका बाजूनं बसलं. जाऊन पाहतो, तर उरलेले बोल्ट बोटानं फिरून राह्यले!

"भाऊ, हे ढिले कोणं केले?"

"मीच. नाच सुरू व्हायच्या आधीच बिचाऱ्यावर एवढा ताण! मले त्याची दया आली."

माहं डोस्कंच फिरलं. पण माह्या आधी बाजूले सुजलेला पाय धरून बसलेली लावणीवाली बाई बोलली,

"बोल्टाची आली नं भाऊ, माही नाई आली?"