ती तपासणी जादाची नव्हती

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, साहेब, तुम्हीही नाही ठेवलात तरी चालेल — पण सूनबाईला बाहेर बोलवायचं नाही. कालपासून पोटात घास नाही तिच्या, फोन वाजला की पोर भिंतीला टेकते. चौकशीला आलात ना, विचारायचं ते मला विचारा. हो, चौथी शिकले. म्हणून काय डोळे नाहीत मला?

दवाखान्यातलं ते सलाईनचं यंत्र अडकलं, औषध नको तेवढं गेलं, ज्या बाईला ते लावलं होतं ती अजून शुद्धीवर नाही — आणि तुम्ही म्हणता, त्याच्या प्रोग्राममधली तपासणी सुनेनं काढून टाकली. अहो, कामच आहे तिचं ते. यंत्राच्या पोटात मूळ प्रोग्राम असतो, कर्नेल म्हणतात, खाष्ट सासूसारखा — त्याला विचारल्याशिवाय आत पान हलत नाही. एकच गोष्ट तो दोन-दोनदा तपासत बसतो, वेळ जातो, म्हणून जादाच्या तपासण्या ही काढते. आजवर इतक्या काढल्या, कुठं काही झालं? पण या एकीला तिनं हात लावला नाही. म्हणाली, आई, ही जादाची दिसते, पण नाही — एकदा तपासलं आणि परत तपासलं, त्याच्या मधेच दुसरा प्रोग्राम शिरून सगळं बदलून ठेवू शकतो.

मग काढली कुणी? तिच्या वरच्या साहेबानं. त्याला यंत्र जलद पाहिजे होतं. हसला वर — म्हणाला, तू आणि आई दोघी सारख्याच, कुलूप लावून चारदा ओढून बघणाऱ्या —

काय म्हणालात? आई म्हणजे कोण?

मीच. गेलं तोंडातून. तिचा नवराच तिचा साहेब आहे, दुसरा कोण असणार. इथंच, या टेबलावर — तिला पाणी आणायला उठवलं, तिचाच लॅपटॉप ओढला, म्हणाला, बघ आई, काढली, आता कोण शिरतंय बघू. लॅपटॉप तिचा, म्हणून बदलापुढं नाव तिचं उमटलं. आमच्या यांना सांगितलं, तर म्हणे तुला काय कळतं त्यातलं, आणि कळलं तरी आपलेच दात आपलेच ओठ. असतील. पण चोर सोडून संन्याशाला फाशी —

हळू. जिन्यात पाऊल वाजतंय. त्याचंच — दोन-दोन पायऱ्या गाळून चढतो तो, लहानपणापासून. सुनेचं नाव खोडा, खरं नाव लिहा आणि मागच्या दारानं निघा. लिहा ना, साहेब — माझा मुलगा.