जागेचा धनी

बँकॉकच्या जमीन कचेरीत नंबर लागायची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर थाँगलोरमधला बंगला विकायला निघालेल्या चवीवानमावशी आणि त्यांचा दलाल पिचाई.

“मावशी, थाँगलोरमध्ये किंमत घराला नसतेच. पत्त्याला असते.”

“मग पत्ता वीक. घरात मी राहते.”

“तसं नसतं हो. गिऱ्हाईकानं मागू तो भाव दिलाय. फक्त अंगणातलं ते खांबावरचं छोटं देऊळ हलवा म्हणतात. तिथे त्यांना पोहायचा तलाव हवाय.”

“त्यात जागेचा धनी राहतो. आमच्याही आधीपासून.”

“मग त्याला बरोबर न्या.”

“लेकीच्या फ्लॅटवर? सतराव्या मजल्यावर? माझंच तिथे कसं होणार कळत नाही. त्यापेक्षा भाव उतरव, पण त्याला राहू दे.”

“भाव उतरला की माझी दलालीही उतरते.”

“ती त्या धन्याकडेच माग. गिऱ्हाईक काय तू आणलंस?”

“नाही म्हणजे... नवस मीच बोललो होतो. तुमच्याच अंगणात.”

“काय बोललास?”

“लाल सरबताच्या नऊ बाटल्या.”

“दिल्यास?”

“सौदा झाल्यावर देणार होतो.”

“आणि त्याचंच घर पाडून कुठे देणार होतास?”

पिचाई उठला, खिडकीपाशी जाऊन बराच वेळ फोनवर बोलला आणि परत आला.

“तलाव मागच्या बाजूला घेतो म्हणाले. भाव तोच. धन्याला रोज काय लागतं, तेवढं विचारताहेत.”

“लाल सरबत. आणि म्हणावं, स्ट्रॉ घालून ठेवा. बाटली तोंडाला लावायची सवय नाही त्याला.”