जिभेला चिकटणारी माती

एक्स-रेच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी एक नवरा-बायको बसले होते.

"डॉक्टरांना सांगा हं, चिनी मातीच्या गिरणीत आहे म्हणून."

"त्यात काय सांगायचं? कपबशा तिच्याच, गुळगुळीत कागदावर तीच, औषधाच्या गोळीतसुद्धा तीच."

"गोळी पोटात जाते. तुमची भुकटी छातीत बसलीय."

"अगं, जिभेला चिकटली तर माल चांगला. तोंड बांधून पारख कशी करू? माझ्यासारखी जीभ अख्ख्या गिरणीत नाही कुणाची."

"आहे ना. तुमच्या लेकीची."

"म्हणजे?"

"तिथे लागल्यापासून तीही रुमाल काढूनच चाखते."

"तिला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच शिकवलंत."

"चला, तुमचा नंबर आला. आत या," एक्स-रेवाल्याने दारातून हाक मारली.

"थांबा हो जरा! अगं, आधी तिला फोन लाव. म्हणावं, बाबांनी सांगितलंय, रुमाल काढायचा नाही."