पटकीच्या माळावरची हाक

ऐका. अन् मधे मधे हुंकार द्या, गप्प बसलात तर मलाच भ्या वाटतं.

आपल्या गावात गुणाजी पाणीवाला होता. टाकीत जंतू मारायची पावडर टाकायची, मग नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब सोडायचे. पिवळं झालं तर पावडर लागली, पाणी चांगलं. पण लोकांची जीभ! "वास येतो, वास येतो!" कंटाळला गडी. आठ दिवस पावडर टाकलीच नाही. कुणी विचारलं की म्हणायचा, "टाकली!"

नवव्या दिवशी घरोघरी हगवण, उलट्या. दिवेलागणीला त्याचीच पोर सगुणी आडवी झाली. डोळे पार खोल गेलेले. बायकोनं पोरीला गाडीत घालून दवाखान्याकडं नेलं. पण गाव तेच पाणी पीत होतं ना! गुणाजीनं पावडरीचा डबा काखेत मारला, नळी अन् औषध खिशात कोंबलं अन् टाकीकडं सुटला. अवदसा आठवली, जवळची वाट धरली. पटकीच्या माळाची! जुन्या साथीतली माणसं पुरलीत तिथं.

मागनं हाक आली. "गुणाजी, फीर माघारी. पावडर टाकली!"

आवाज कुणाचा? त्याचाच!

पळाला. पळतोय, पळतोय, अन् पुन्हा तीच बाभळ. तीनदा तीच बाभळ! तिच्याखाली एकजण बसलेला. तेच मुंडासं, तेच तोंड. गुणाजीच! हसून म्हणतो, "आमालाबी असंच म्हनले व्हते, पानी चांगलंय. पोरीला धाड हिकडं. लई एकटं वाटतं."

गुणाजी ढसाढसा रडला हो. "माझी चूक हाय, मला ने! पोरीला सोड!"

तर त्याच्या जागी समोर सगुणी! हातात तांब्या. "बा, मी बरी झाले. पावडर टाकलीया कुणीतरी. हे पी, अन् घरी चल."

बापाचं काळीज ते. तांब्या घेतला, ओठांपर्यंत नेला. अन् थांबला. खिशातली नळी भरली, थेंब सोडले. काडी ओढून बघितलं.

पिवळं नाही! जरासुद्धा नाही!

तशी ती किंचाळली, त्याचा पाय धरला. गार हात, मातीत ओढतोय! गुणाजीनं मूठभर पावडर मारली तिच्या तोंडावर. पकड सुटली. तसाच पळत टाकी गाठली, शिडी चढला, उरलेली पावडर कालवून टाकीत ओतली, अन् उजाडेपर्यंत वरच बसून राहिला.

सगुणी वाचली. गावातली दोन लेकरं नाही वाचली. त्यानंतर "टाकली का रे?" विचारलं, तर गुणाजी मरेपर्यंत तोंडानं बोलला नाही. नुसती पिवळी नळी वर धरायचा.

त्या माळानं जाऊ नका, बाबांनो. अजून हाक येते तिथं, "टाकली, टाकली!" अन् ज्याला येते ना, त्याच्याच आवाजात येते.