अमेरिकेपायी अडलेली कापणी

रुक्माबाई : आणि तुमच्या त्या अमेरिकेत भात कोण कापतंय, तेवढं सांगा की आधी.

भावकू : अगं, तिथं यंत्रं हाईत. एक माणूस एसीत बसून सगळं शिवार कापतोय. पर मुद्दा त्यो न्हाय. मुद्दा असा, की लोकांनी कौल दिलाय. सरकार लहान पायजे, टॅक्स कमी पायजे, आणि ज्यानं त्यानं आपल्या हिमतीवर जगाय पायजे. हत्ती निवडून आला हत्ती!

रुक्माबाई : हत्ती निवडून आला आणि आपलं भात आडवं पडलं. ह्ये बगा, हात लावला की दाणा झडतोय. सगळ्या काकती गावाचं भात खळ्यावर गेलं. आपलं आणि बांधाच्या पल्याड रवळूभावजींचं, एवढी दोनच रानं उभी हाईत.

भावकू : यील गं त्यो. चार दिस रुसंल, मग यील.

रुक्माबाई : मी लगीन होऊन आल्यापासनं बघतीया. आधी त्यांचं घर आपलं भात कापायला येतंय, मग आपलं घर त्यांचं कापायला जातंय. असा पैरा कधी मोडला न्हाय. करोनात मोडला न्हाय. आणि आता मोडला, तो कशानं? तर अमेरिकेच्या इलेक्शनानं! कुणाला सांगितलं तर शिमग्याचं सोंग म्हणतील.

भावकू : मी कुठं मोडला? त्याचं गाढव पडलं, म्हणून त्यो घरात बसलाय.

रुक्माबाई : रवळूभावजींनी गाढव कवा घेतलं?

भावकू : तसं न्हवं. तिकडं दोन पार्ट्या हाईत. एकीची खूण हत्ती, दुसरीची गाढव. मी हत्तीवाला, रवळ्या गाढववाला. ह्यात माझं काय न्हाय, खूण त्यांची त्यांनीच घेतलीया.

रुक्माबाई : पर त्यांना ह्यातलं कळतंय कसं? त्यांच्याकडं बटनाचा मोबाईल. त्यात फोन येतोय, आणि न्हाय आला तर एक साप फिरतोय.

भावकू : नातीचा मोबाईल बघत आसंल. न्हायतर भरमूच्या हाटेलात बसून रोज मला आडवं कसं बोलतंय? मी म्हटलं टॅक्स कमी, की ह्यो म्हणणार जास्त. मी म्हटलं बॉर्डर बंद, की ह्यो म्हणणार उघडी. माझा बघ, कसा हाय मोबाईल. त्यो लाल टायवाला अमेरिकेचा माणूस आता मराठीत बोलतोय. आपल्या पोरानं, आदर्शनं कसलंसं बटन दाबून दिलंय, यंत्रच मराठी करून टाकतंय.

रुक्माबाई : ऐकलंय मी. “आपण कृपया लक्ष द्यावे,” म्हणतोय. मला वाटलं बँकेचा फोन हाय. आत जाऊन पासबुक घेऊन आले.

भावकू : भाषा जरा पुस्तकी हाय, पर विचार रांगडा.

रुक्माबाई : आणि एकदा हत्ती दाखवला की दिवसभर हत्तीच. परवा मी लोणच्याचं काय बघावं म्हणून हातात घेतला, तर लोणचं न्हाय, लाल टायवाला वराडतोय.

भावकू : मोबाईलला मालक कळतोय.

रुक्माबाई : मालकाला मात्र रान कळंना. काय म्हणतोय त्यो? मला बी जरा ऐकू दे.

भावकू : हां, आता कशी इचारलीस! त्यो म्हणतोय, पयली गोष्ट, बॉर्डर. आपल्या घराला दार आसावं, दाराला कडी आसावी, आणि कडी वाजवल्याबिगर कुणी आत येऊ नये. ह्यात काय चुकलं?

रुक्माबाई : बॉर्डरीचं मला सांगू नगासा. माझं म्हायार म्हाराष्ट्रात चंदगडला, सासर ह्ये कर्नाटकात. लग्नात आमचं व्हराड बॉर्डर वलांडून आलं, तवा एका पोलिसानं कागुद मागितला न्हाय.

भावकू : तू कायद्यानं आलीस. अक्षता टाकून.

रुक्माबाई : आणि माझ्या पाठोपाठ गूळ आला, तांदूळ आला, माझ्या बापाच्या बांबूच्या बेटातल्या चिव्याच्या काठ्या आल्या. त्या कुठल्या कायद्यानं? आणि ही तुमच्या हातातली काठी कुठनं आली?

भावकू : ही? ही चिमण्या हाकायला आणलीया. बरं, दुसरी गोष्ट ऐक. काल एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची मुलाखत दाखवली. पार तिकडं मधल्या मुलखात ऱ्हातोय. मक्याचं रान, पांढरं घर, ऐतवारी सगळं घर मिळून देवळात जाणार. त्यांचं देऊळ म्हंजी चर्च. त्याला इचारलं, सरकारकडनं तुमाला काय पायजे? म्हातारा म्हणाला, कायबी नगं. मला माझा शेजारी पुरं. वादळात माझं गोठ्याचं छप्पर उडालं, तर सगळ्या शेजाऱ्यांनी येऊन उभं केलं. कुठला अर्ज न्हाय, कुठला सायेब न्हाय. काय माणूस गं! माझ्या डोळ्यात पाणीच आलं.

रुक्माबाई : खरंच चांगला माणूस.

भावकू : ह्यालाच मी हत्तीचा विचार म्हणतोय.

रुक्माबाई : आणि तुमचा शेजारी कुठं हाय?

भावकू : ...त्यो गाढववाला हाय.

रुक्माबाई : अवो, इलेक्शन हरलं म्हणून त्यो माणूस घरात बसलाय, असं तुमाला अजून वाटतंय?

भावकू : मग? निकालाच्या दिवशी दिवाळीचं उरल्यालं फटाकं मी त्याच्या दारात लावलं. पेढं बी दिलं. पेढा खाल्ला त्यानं, हसला बी. दुसऱ्या दिवसापासनं तोंड दाखवंना. हार पचली न्हाय त्याला.

रुक्माबाई : फटाक्याचं कायबी न्हाय. काल पाण्याला गेलते, तवा अक्काताई भेटली.

भावकू : रवळ्याची बायकू सगळं वाढवून सांगतीया.

रुक्माबाई : तिनं एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी भरमूच्या हाटेलात तुमी मोठ्यानं म्हणालासा, काम न करता दुसऱ्याच्या ताटात हात घालणारी लोकं लई माजल्यात, आता बसून खाणं बंद. म्हणालासा काय न्हाय?

भावकू : म्हणालो. अमेरिकेतल्या लोकांचं म्हणालो! लाल टायवाल्यानं सकाळीच सांगितलंतं, त्येच म्हणालो. त्यात रवळ्याचा काय संबंध?

रुक्माबाई : गेल्या साली त्यांचा गुडघा गेला. आपल्या कापणीला आले आणि अर्धा दिवस बांधावर बसून ऱ्हायले. तरी आपण त्यांचं सगळं रान कापून दिलं.

भावकू : ते मी कधी तोंडानं काढलं काय? माझ्या मनात बी आलं न्हाय गं!

रुक्माबाई : तुमच्या मनात न्हवतं, मला ठावं हाय. पर गावाच्या मनात आलं. आणि तुमी ते बोलत हुतासा, तवा हातवारे करायला कुणाची काठी घेतलीसा?

भावकू : कसली काठी?

रुक्माबाई : सांगा की.

भावकू : शेजारी बसला हुता. हाताला लागली, म्हणून उचलली.

रुक्माबाई : त्यांचीच काठी त्यांच्याच नाकासमोर नाचवत म्हणालासा, बसून खाणं बंद.

भावकू : पर मग त्यो ती तिथंच विसरून गेला. म्हणून तर मी घरी आणली.

रुक्माबाई : गुडघा गेल्याला माणूस काठी विसरतोय व्हय? भिताडं धरत घरी गेले त्यादिवशी. अक्काताईला सांगितलं, काठी मोडली म्हणून. आणि तुमी हितं त्याच काठीनं चिमण्या हाकायलासा.

भावकू : आगं, पर मला एका शब्दानं बोलायचं की त्यानं! शिवी द्यायची!

रुक्माबाई : आणि एक आठवा. तुमचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, त्या साली आपलं रान कुणी कापलं?

भावकू : त्यानं.

रुक्माबाई : त्यांच्या सगळ्या घरानं. तुमी खाटंवर झोपून मोबाईल बघत हुतासा. हत्ती तवाच घरात शिरला. त्या साली कुणी म्हणालं न्हाय, भावकू बसून खातोय.

भावकू : गप बस आता. ...लई वंगाळ झालं गं. आता कुठल्या तोंडानं जाऊ मी त्याच्या दारात?

रुक्माबाई : जायची गरज न्हाय. बांधाकडं बगा कोण आलंय.

(पलीकडच्या बांधावरून रवळू येतो. हातात एक उभा ऊस, तोच टेकत.)

रवळू : वैनी, च्याचा वास पार माझ्या रानात आला.

रुक्माबाई : या भावजी, बसा. तिसरा कप आणलाच हाय मी.

भावकू : रवळ्या...

रवळू : बोला हत्तीसायेब.

भावकू : ही तुझी काठी धर.

रवळू : ऱ्हाऊ दे की. चिमण्या लई झाल्यात म्हण.

भावकू : धर म्हणतोय न्हवं! ऊस टेकून माणूस किती दिस चालणार?

रवळू : ह्येचं बरं असतंय. दम लागला की बसून चावता येतोय. तुझ्या काठीत ती सोय न्हाय.

भावकू : रवळ्या, मी अमेरिकेचं बोललो रं. आईशप्पत.

रवळू : मला ठावं हाय.

भावकू : मग ही टाकून कशापायी गेलास?

रवळू : तू अमेरिकेचं बोललास, पर हाटेलातली माणसं माझ्या पायाकडं बघितली. उठावं वाटलं मला. उठाय गेलो, तर काठी तुझ्या हातात.

भावकू : मागायचीस की!

रवळू : त्या येळेला कायबी मागितलं असतं, तर तुझंच खरं झालं असतं. मुकाट निघालो. भरमूच्या हाटेलापासनं माझ्या दारापर्यंत एवढी भिताडं हाईत, ते मला त्या दिवशी कळलं.

भावकू : चुकलं रं माझं. लई चुकलं. मला कळाय पायजे हुतं.

रुक्माबाई : च्या घ्या भावजी. साखर जास्त पडलीया.

रवळू : पडू दे. डाक्टर बघत न्हाय हितं.

भावकू : ऐक. उद्या कापणी धरायची. आधी तुझं रान.

रवळू : आधी तुझं. रीत तशी हाय.

भावकू : रीत मी बदलली. माझं थोडं झडलं तर झडू दे.

रवळू : आगा, तू रीत बदललास? तुझ्या पार्टीत चालतंय व्हय हे? पर मी यीऊन काय करू? मला वाकता येत न्हाय. इळा हातात धरून नुसता उभा ऱ्हाऊ?

भावकू : वाकू नगंस. पाटावर बस आणि पेंढ्या बांध. तू बांधल्याली पेंढी खळ्यावर आपटली तरी सुटत न्हाय. मी बांधलेल्या वाटंतच सुटत्यात, वैनीला इचार तुझ्या.

रुक्माबाई : गाडी घराला पोचस्तवर निम्म्या रस्त्यावर.

रवळू : म्हंजी शेवटाला बसून खाणाऱ्यांतच गेलो की मी.

भावकू : बसून बांधणाऱ्यांत. आणि परत काढू नगंस रं ते.

रवळू : बरं, न्हाय काढत.

रुक्माबाई : आणि तुमचा लाल टायवाला? त्याला पसंत पडंल काय असला पैरा?

भावकू : का न्हाय पडणार? म्हाताऱ्या शेतकऱ्यानं सांगितलंच हाय न्हवं, सरकार नगं, शेजारी पुरं. माझा विचार काय बदलल्याला न्हाय. सरकार लहानच पायजे. फकस्त शेजारी जवळ पायजे, एवढं मी ध्यानात ठेवाय पायजे हुतं.

रवळू : हे बरं बोललास. कोण म्हातारा ह्यो?

भावकू : अमेरिकेचा हाय. तुला पटणार न्हाय, त्यो हत्तीवाला हाय. बरं, एक खरं सांग. तुझं गाढव पडलं, तवा मनाला लागलं काय रं तुझ्या?

रवळू : कसलं गाढव?

भावकू : तुझं. तुझी पार्टी.

रवळू : मला त्यातलं ओ की ठो कळत न्हाय. कोण उभा हुता, कोण पडला, नाव बी सांगता यायचं न्हाय.

भावकू : मग वर्षभर रोज माझ्यासंगं भांडत हुतास ते?

रवळू : तू एका बाजूला बसलास, म्हणून मी दुसऱ्या बाजूला बसलो. दोघं बी हत्तीवरच बसलो असतो, तर बोलाय काय उरलं असतं? तू एक डाव मान हलवली असतीस, मी एक डाव हलवली असती, आणि च्या संपला असता.

रुक्माबाई : अगं बाई! आणि हे रात्री उशाला मोबाईल घेऊन तुमाला काय उत्तर द्यायचं, ते पाठ करत बसत हुते.

रवळू : करू दे की वैनी. आदर्श सकाळी उद्यमबागला कारखान्यात जातोय, रात्री येतोय. तुमाला घरातली सतरा कामं. ह्येला बोलायला कोण तरी पायजे न्हवं? भावकू, च्या गार व्हायलाय तुझा. घोट घे, आणि सांग बगू, आज काय म्हणाला त्यो लाल टायवाला?